थायलंडमध्ये शिकवताय? वीकेंडला सीमा ओलांडण्याआधी री-एंट्री परमिट घ्या

थायलंडमधल्या शाळेत नोकरी करताना शनिवार-रविवार जोडून लाओसला किंवा मलेशियाला निघालात आणि री-एंट्री परमिट (मुक्कामाची मुदत न गमावता परत येण्याची परवानगी) नसेल, तर बाहेर पडताक्षणी मुक्कामाची मुदतवाढ रद्द होते. मग नॉन-बी म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसाची धावपळ पुन्हा पहिल्यापासून.

१. टीएम ८ फॉर्म (या परमिटचा अर्ज), पासपोर्ट, त्याच्या पानांची झेरॉक्स आणि ४×६ सेंमी फोटो घ्या.
२. इमिग्रेशन ऑफिस शुक्रवारीच गाठा, शनिवार-रविवार बंद असतं. एका फेरीला १,००० बाट, कितीही फेऱ्यांना ३,८००. म्हणजे चार सहली ठरल्या असतील तर दुसराच घ्यावा.
३. परतताना परमिटचं पान उघडूनच पासपोर्ट द्या. शिक्क्यावरची तारीख काउंटर सोडण्याआधी वाचा. चुकून पर्यटकाचा शिक्का बसला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

परमिटने मुक्काम वाढत नाही; मूळ मुदत संपली की तेही संपतं.