बिनपात्यांचा पंखा घेताय? आधी या चुका टाळा

बिनपात्यांच्या पंख्यालाही पाती असतात, फक्त ती खालच्या नळकांड्यात दडलेली असतात. मोटर खालून हवा ओढते आणि वरच्या पोकळ कड्याच्या बारीक फटीतून जोरात सोडते. हा झोत मागची-बाजूची हवाही सोबत ओढून नेतो. डायसनने २००९ मध्ये असा पंखा बाजारात आणला, पण त्या धाटणीचं पेटंट १९८१ मध्येच तोशिबाकडे होतं.

हे माहीत नसलं की पंखा भिंतीला चिकटवून ठेवला जातो आणि मग ‘वाराच लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मागे वीतभर तरी जागा सोडा. दुसरं म्हणजे, ‘पुसायला सोपा’ हे अर्धंच खरं. कडं फडक्याने पुसलं जातं, पण धूळ बुडाच्या जाळीत बसते. रस्त्यालगत घर असेल तर जाळी वरचेवर साफ करा, नाहीतर आवाज वाढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिलिंग फॅन काढून त्याच्या जागी हा आणणं. १२०० मिलीमीटरचा सिलिंग फॅन मिनिटाला २०० घनमीटरच्या आसपास हवा ढकलतो आणि खोलीभर पसरवतो. बिनपात्यांचा वारा समोर बसलेल्यालाच लागतो. रविवारी तांबडा-पांढऱ्याला पाहुण्यांची पंगत बसली की याचं काही चालत नाही. कोल्हापूरच्या पावसात खोलीत दोरी बांधून कपडे वाळवायचे असतील, तर तिथेही सिलिंग फॅनच हवा.

बरेचदा जुना पंखा ‘संपला’ म्हणून नवा आणतात, आणि दोष असतो कंडेन्सरचा, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या भागाचा. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर सुरू होतोय? वायरमनला आधी कंडेन्सर बदलायला सांगा, स्वस्तात काम होतं. रिवाइंडिंगनंतर, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळल्यावर, वारा लागेनासा झाला असेल तर वायरी उलट जोडल्या नाहीत ना, ते बघा. आपल्याकडचे सिलिंग फॅन खालून पाहिलं की घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात.

वीज वाचवायची असेल तर खरा सामना बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरच्या सिलिंग फॅनशी आहे. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट जातात. ३० वॅटच्या बीएलडीसीला नऊ पुरतात, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरही तो जास्त टिकतो. मात्र तो जुन्या रेग्युलेटरवर जोडू नका, रेग्युलेटर काढून थेट बटणावर घ्या.

मग बिनपात्यांचा घ्यायचाच नाही? घ्या की! शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात माळा एवढा खाली असतो की सिलिंग फॅन डोक्याला लागेल. रांगतं पोर घरात असेल तर बोट अडकायची भीतीही नाही. फक्त दुकानात तो पूर्ण वेगावर चालवून आवाज ऐका आणि दोन-तीन मीटर लांब उभं राहून वारा लागतो का ते बघा.