कक्षेतून माल खाली आणायचा अभ्यास : नव्याने येणाऱ्यांसाठी

अवकाशातून माल घेऊन परतणाऱ्या कॅप्सूलवर एम.टेक.चा प्रोजेक्ट घेतलाय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'उष्णताकवच कशाचं?' माझं सांगणं असं, की स्वस्त परतीचा हिशोब कवचापासून मांडूच नका. उतरायच्या जागेपासून मांडा.

चीनने आपल्या जुन्या परतीच्या उपग्रहांना चक्क ओकच्या लाकडाचं कवच लावलं होतं, आणि ते टिकलं. सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या कॅप्सूलपुढची हवा दाबली गेल्याने तापते (घर्षणाने नव्हे, व्हायवात हमखास विचारतात). आकार बोथट असला की बरीचशी उष्णता बाजूने निघून जाते. उरलेलीला जळत-झिजत जाणारं साधं साहित्य पुरतं.

आम्ही लॅबमध्ये कॉर्क-फिनॉलिकच्या (बुचाचा भुसा आणि राळ यांच्या) चकतीवर ऑक्सी-ॲसिटिलीनची ज्योत धरायचो. पुढून कोळसा व्हायचा, मागचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) गप्प. ज्योत बंद केली, की मागचं तापमान चढू लागायचं. तेव्हा रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका. आतल्या नाजूक मालाला खरा ताप पॅराशूट उघडल्यावरही होऊ शकतो.

आता पैशांचं. इस्रोचं साडेपाचशे किलोचं एसआरई-१ हे परतीचं कॅप्सूल १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्ही रॉकेटने गेलं आणि २२ तारखेला बंगालच्या उपसागरात उतरलं. समुद्र म्हटला की तरंगवणारे फुगे आले, जहाजं आली. जमिनीवर उतरवलं तर हे वाचतं, पण मोकळं रान आणि परवानगी लागते. वार्डा या अमेरिकन कंपनीचं पहिलं कॅप्सूल जून २०२३ मध्ये गेलं. रिटोनाविर या औषधाचे स्फटिक घेऊन ते उटाहच्या वाळवंटात उतरलं, तेव्हा फेब्रुवारी २०२४ उजाडला होता. मधले कित्येक महिने परवानगीच्या कागदपत्रांत गेले. दुसरं त्यांनी ऑस्ट्रेलियात उतरवलं.

रान केवढं लागणार, हे तुमच्या गणितावर ठरतं. वेग कमी करणारं इंजिन एक सेकंद उशिरा पेटलं तर उतरायची जागा सात-एक किलोमीटर सरकते. वरच्या हवेची घनता, वारा, कॅप्सूलचं वजन आणि रुंदी यांची भर वेगळीच. म्हणून पहिल्या सेमिस्टरला पायथनमध्ये उतरतानाच्या त्रिमिती मार्गाचा साधा प्रोग्रॅम लिहा. हे आकडे थोडे थोडे बदलत तो हजारदा चालवा आणि उतरायचे ठिपके नकाशावर टाका. गाईडकडे पहिल्यांदा जाताना तो नकाशा न्या, कवचाचं चित्र नंतर.