वंश, वंशभेद आणि विषमता : अभ्यासवर्ग कसा घ्यावा

नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयात, वसतिगृहात किंवा वाचनालयाच्या सभागृहात वंशभेदावर अभ्यासवर्ग घ्यायचा ठरले, की व्याख्येपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘वंश म्हणजे काय’ असे विचारताच मुले रंग, नाक आणि केस यांविषयी बोलू लागतात. मग वंश ही निसर्गानेच दिलेली गोष्ट असून विषमता तिच्यातून आपोआप उगवते, हा समज विषयाला हात घालण्यापूर्वीच पक्का होतो. माझ्या मते क्रम उलटा हवा : आधी विषमता, मग तिचे समर्थन आणि सर्वांत शेवटी शरीर.

उदाहरण जवळचेच घ्यावे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात तिथल्या कित्येक पाड्यांवर बायांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. हंगाम आला की याच भागातील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. असे का होते, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहावा आणि येणारे प्रत्येक उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत खाली उतरवावे. ‘पाणी अडवायची सोय नाही’, ‘जमीन थोडी आणि तीही उताराची’ अशी उत्तरे येतील, तशीच ‘त्यांना कष्टाची सवयच असते’, ‘त्यांना शिकायची आवडच नसते’ अशीही येतील. मग दोन रंगांचे खडू घ्यावेत. परिस्थितीकडे बोट दाखवणाऱ्या उत्तरांपुढे एका रंगाची खूण करावी आणि माणसांच्या स्वभावाकडे किंवा रक्ताकडे बोट दाखवणाऱ्या उत्तरांपुढे दुसऱ्या रंगाची. वंशाच्या कल्पनेचे मूळ या दुसऱ्या खुणेत आहे, हे इथे शांतपणे सांगावे आणि कोणते उत्तर कोणी दिले याचा उल्लेखही करू नये.

त्याच पाड्यांवरून शिकायला आलेली मुले समोर बसलेली असू शकतात, याचे भान सुटू देऊ नये. ‘तुझा अनुभव सांग’ असे त्यांना चारचौघांत कधीही म्हणू नये. ज्याने भोगले त्यानेच पुन्हा साक्षही द्यावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कोणी आपण होऊन बोलले तर मध्ये न अडवता ऐकावे.

यानंतर अमेरिकेकडे वळावे आणि सनावळी क्रमाने मांडावी. १६१९ साली व्हर्जिनियात आफ्रिकन माणसे आणली गेली, तेव्हा तंबाखूच्या मळ्यांत करारबद्ध इंग्रज मजूरही राबत होते. १६६२ च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरू लागले, १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही असे ठरवले आणि १७०५ च्या गुलामीविषयक संहितेने गोरे आणि काळे यांच्यातली रेघ पक्की केली. कवट्या मोजून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व ‘सिद्ध’ करणारे तथाकथित शास्त्र जोमात आले ते एकोणिसाव्या शतकात. आधी फुकटचे श्रम, नंतर त्यांचे समर्थन, हा क्रम मुलांना स्वतःहून दिसला पाहिजे. घाईने निष्कर्ष सांगून टाकू नये.

समर्थन पुढे स्वतःच विषमता कशी घडवते, हे दाखवण्यासाठी फळ्यावर एक वर्तुळ काढावे. १९३० च्या दशकात अमेरिकेत गृहकर्जासाठी जे सरकारी नकाशे तयार झाले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या गेल्या. तिथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले, घरांच्या किमती वाढल्या नाहीत, स्थानिक मालमत्ता करावर बऱ्याच अंशी चालणाऱ्या शाळा कमकुवत राहिल्या आणि मग त्याच मुलांचे मागे पडणे हा त्यांच्या वंशाचा दोष मानला गेला.

दुसरी बैठक शक्य असल्यास पंचवटीत, काळाराम मंदिराजवळ घ्यावी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. त्या दारापुढे मुलांना एकच प्रश्न विचारावा : आतल्या आणि बाहेरच्या माणसांच्या शरीरांत फरक कोणता होता? भाषा तीच, गाव तेच, कातडीचा रंगही त्याच छटांचा. तरीही दार बंद होते. या विषयावर यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड वंशाशी जोडत होते. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत असे सांगून ती जोडणीच नाकारली. मात्र जात आणि वंश एकच, असेही शिकवू नये. जातीत शुद्ध-अशुद्धाची कल्पना आहे. जन्मावरून काम ठरवणे आणि विवाहावर पहारा ठेवणे मात्र दोन्हीकडे आढळते.

जीवशास्त्राला दहा मिनिटे पुरेत. मानवातील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत आढळते, हे १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवले. ‘पण रंग तर डोळ्यांना दिसतो’ असे कोणी म्हणेल. रंगाच्या छटा खऱ्या आहेत, त्या हळूहळू बदलत जातात आणि त्यांच्यामधली रेघ माणसाने मारलेली आहे, एवढे उत्तर द्यावे.

शेवटी गृहपाठ म्हणून प्रत्येक गटाने नाशिकचे एक वर्तुळ काढून आणावे. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारले जाते तिथून सुरुवात करता येईल : खोली नाकारली, म्हणून कॉलेजपासून लांब राहावे लागले, येण्याजाण्यात वेळ गेला, हजेरी कमी भरली आणि शेवटी शेरा पडला की ‘यांना गांभीर्यच नाही’. हे वर्तुळ कुठे तोडता येईल आणि ते तोडणे कोणाच्या हातात आहे, हे गटाने त्याच कागदावर लिहावे. घरमालक, प्राचार्य, वसतिगृहाचे गृहपाल असे जे जे त्यात येतील, त्यांच्यापैकी निदान एकाला पुढच्या बैठकीला बोलावून तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा.