जीव नकोसा झालेल्या माणसासोबत पुस्तक कसे वाचावे

पुस्तक हाती घेण्यापूर्वी धोका किती जवळ आहे, हे पाहावे. घरातील किंवा ओळखीतील माणूस ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला, तर आत्महत्येचे विचार मनात येतात का, असे त्याला शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारावे. विचारल्यामुळे ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. धोका तातडीचा वाटला तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे आणि गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी हलवाव्यात आणि ११२ वर फोन करावा किंवा त्याला थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. बेळगाव सीमाभागात पुढील उपचारांसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. पोलिसांच्या भीतीने उशीर करणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि सरकारवर तिच्या उपचारांची जबाबदारी येते.

उपचार चालू असताना, आणि पुढच्या रेंगाळत्या दिवसांतही, साहित्याचा खरा उपयोग होतो. तो कसा होतो, हे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. १८२६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांना सर्वच गोष्टी निरर्थक वाटू लागल्या आणि अशा अवस्थेत आपण वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकू, असेही त्यांना वाटेना. पुढे एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींत, वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्याचा निश्चय करणाऱ्या मुलाचा प्रसंग वाचताना त्यांना रडू आले. आपण अजून रडू शकतो, एवढ्यानेच मनावरचा भार हलका झाला. नंतर वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी त्यांना सावरले. बायरनचे काव्य मात्र निराशा सर्वांत गडद असताना वाचूनही उपयोगी पडले नव्हते, कारण त्या कवीची मनःस्थिती त्यांच्या स्वतःच्या मनःस्थितीसारखीच होती.

निवड करताना हा भेद फार मोलाचा ठरतो. दुःख ओळखणारे, परंतु त्यातच कोंडून न ठेवणारे लेखन शोधावे. दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांच्या गाथेत उद्वेगही आहे आणि त्यातून निघालेली वाटही आहे. शिवाय अभंग आटोपशीर असतो, पाठ राहतो. मृत्यूलाच सुटका म्हणून रंगवणाऱ्या कथा आणि आत्महत्येची तपशीलवार वर्णने या काळात दूर ठेवावीत. जर्मन लेखक गटेच्या १७७४ मधील, नायकाच्या आत्महत्येने संपणाऱ्या कादंबरीनंतर अनुकरणाची भीती युरोपभर व्यक्त झाली होती आणि काही ठिकाणी ती कादंबरी बंदही करण्यात आली. उलट, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील अभ्यासात, आत्महत्येच्या विचारांतून सावरलेल्या माणसांविषयीच्या वृत्तांनंतर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. तो अभ्यास वृत्तपत्रांचा होता, साहित्याचा नव्हे; तरीही कथा निवडताना त्याची दिशा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘सकारात्मक विचार करा’ असे बजावणारी पुस्तके, माझ्या मते, या वेळी देऊच नयेत; ती वाचणाऱ्याला आपल्यातच काही कमी असल्याची बोचणी लावतात.

निराशेत एकाग्रता टिकत नाही, म्हणून जाड पुस्तक उशाशी ठेवून निघून जाण्यात अर्थ नाही. वाचून दाखवावे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत ज्ञानेश्वरीच्या पारायणाची सवय असल्याने मोठ्याने वाचणे कोणालाही विचित्र वाटत नाही. एक अभंग, एक कविता किंवा कथेचे एखादे पान पुरे आहे, आणि रोज शक्यतो ठरलेल्या वेळी वाचावे, कारण ठरलेली वेळ म्हणजे कोणीतरी येणार याची खात्री असते. वाचून झाल्यावर तात्पर्य सांगू नये. ‘यातले काय जवळचे वाटले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर आले नाही तरी बसून राहावे. कथेतल्या पात्राविषयी बोलता बोलता माणूस पुष्कळदा स्वतःविषयी बोलू लागतो. तसे झाले की पुस्तक मिटावे आणि ऐकावे.

सीमाभागात भाषेचाही विचार करावा लागतो. घरी मराठी बोलणारा परंतु कन्नड माध्यमात शिकलेला मुलगा मराठी मजकूर अडखळत वाचत असेल, तर त्याला वाचायला लावू नये. आपण वाचावे, किंवा शाळेपासून ओळखीची असलेली बसवण्णांची वचने त्याच्याकडून ऐकावीत. भाषेच्या अभिमानाचा वाद त्या खोलीत नेऊ नये.

एकट्याने वाचणाऱ्याने रात्री उशिरा जड मजकूर टाळावा आणि भावलेली ओळ वहीत उतरवून ठेवावी. प्रकृती थोडी सुधारली की सोबतीने वाचनालयात जावे, किंवा उचगाव, कडोली, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांत नुसते श्रोता म्हणून बसावे. तेथे कोणी काही विचारत नाही आणि तरीही माणसांत राहणे होते. वाचलेले काहीच आत जात नसेल, झोप उडाली असेल किंवा मरणाचे विचार वाढत असतील, तर वाचन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि काय वाचले, काय सुचले, हे त्यांना सांगावे; वहीतल्या ओळी दाखवल्या तर त्यांनाही बोलणे सुरू करायला धागा मिळतो.