युरोपीय करधोरणावर बर्लिनच्या सरकारला लेखी प्रश्नात कसे पकडायचे

ब्रुसेल्समध्ये कराचा प्रस्ताव अडला की परतलेल्या अर्थमंत्र्याचे उत्तर ठरलेले असते: आमची तयारी होती, इतर देश तयार नव्हते. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या कार्यगटांतली चर्चा बंद दाराआड होते. त्यामुळे बुंडेसटागमधल्या, म्हणजे जर्मन संसदेतल्या विरोधी पक्षाला हे खोडून काढायला भाषणाचा फारसा उपयोग नसतो. उपयोग होतो तो नीट बांधलेल्या लेखी प्रश्नाचा. तिथल्या पक्षकार्यालयांत वा संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांसाठी, आणि युरोपीय राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी, तो बांधायची रीत अशी.

सुरुवात कायदेशीर आधारापासून

प्रस्ताव कोणत्या कलमावर उभा आहे हे त्याच्या पहिल्याच पानांवर लिहिलेले असते. युरोपीय संघाच्या कामकाज कराराचे कलम ११३ (अप्रत्यक्ष कर) किंवा ११५ (प्रत्यक्ष कर) असेल, तर २७ देशांचे एकमत लागते आणि युरोपीय संसद फक्त मत कळवते. स्थापनेच्या स्वातंत्र्याचे कलम ५० असेल (कंपन्यांच्या हिशेबाचे नियम त्यावर उभे असतात), तर पात्र बहुमत पुरते.

हे न पाहता प्रश्न लिहिला तर तो फुकट जातो, कारण तटस्थ राहण्याचा अर्थ दोन्हीकडे उलटा आहे. एकमताच्या पद्धतीत तटस्थ देश प्रस्ताव अडवत नाही. पात्र बहुमतात मात्र ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या ‘होकारार्थी’ लागते, म्हणून तटस्थता प्रत्यक्षात नकारच ठरते. जर्मनीसारख्या मोठ्या लोकसंख्येच्या देशाची तर फारच जड. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी देशवार नफा आणि कर जाहीर करावा, हा २०१६ चा प्रस्ताव याचा धडा आहे. आघाडी सरकारातल्या मंत्रालयांचे एकमत नसल्याने जर्मनी तटस्थ राहिला आणि प्रस्ताव वर्षानुवर्षे रखडला. निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधून घेणारा युरोपीय कायदा, निघाला तो २०२१ मध्ये. तिथे ‘सरकारने विरोध केला का?’ असे विचारले असते, तर ‘नाही’ हे उत्तर खरेच होते! म्हणून ‘मतदानात किंवा मत आजमावताना जर्मनीने होकार, नकार की तटस्थता यांपैकी काय नोंदवले?’ असेच विचारावे.

कोणता प्रश्न

प्रत्येक खासदाराला महिन्याला ४ लेखी प्रश्न विचारता येतात आणि उत्तर आठवड्याभरात अपेक्षित असते. एखादी तारीख, एखादा आकडा हवा असेल तर हेच वापरा. आपल्या लोकसभेतल्या अतारांकित प्रश्नाचे हे भावंड.

‘क्लाइने आनफ्रागे’, शब्दशः छोटी विचारणा, ही नावालाच छोटी. ती एखादा संसदीय गट किंवा ५ टक्के सदस्य मांडू शकतात. सध्याच्या ६३० च्या सभागृहात म्हणजे ३२ जण. तिच्यात क्रमांक घातलेले वीस-तीस उपप्रश्नही चालतात. मुदत १४ दिवसांची, पण मंत्रालय ती अनेकदा वाढवून मागते. उत्तर फक्त लेखी येते, सभागृहात चर्चा होत नाही. चर्चा हवी असेल तर ‘ग्रोसे आनफ्रागे’, म्हणजे मोठी विचारणा, आहे, पण तिच्या उत्तराला महिने लागतात आणि तोवर ब्रुसेल्समधली गाडी निघून गेलेली असते.

वेळ उलटी मोजा. अर्थमंत्र्यांच्या परिषदेच्या, म्हणजे इकोफिनच्या, तारखा आधीच जाहीर असतात. विषय कर कार्यगटात असतानाच विचारणा जायला हवी. राजदूतांच्या समितीकडून तो इकोफिनच्या कार्यसूचीवर आला की मसुदा बहुतेक पक्का झालेला असतो. बैठकीआधी निदान पाच आठवडे हातात ठेवा: दोन उत्तराचे, दोन मुदतवाढीचे, एक ते वाचून पुढचा प्रश्न लिहायचा.

मसुदा

मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मन राज्यघटनेच्या, कलम २३ नुसार सरकारने संसदेला युरोपीय कामकाजाची सर्वंकष आणि शक्य तितक्या लवकर माहिती देणे बंधनकारक आहे. त्यामुळे परिषदेची बरीच कागदपत्रे खासदारांना ‘ऑयडॉक्स’ या अंतर्गत संग्रहात आधीच मिळतात. ती वाचल्याशिवाय लिहायला बसू नये. पण त्यांतला मर्यादित वितरणाचा मजकूर प्रश्नात उतरवू नका, कारण प्रश्न छापील संसदीय कागद म्हणून सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. त्या कागदावरून फक्त कुठे बोट ठेवायचे ते ठरवा आणि प्रस्तावनेत उघड स्रोतच वापरा.

आता शब्दरचना. समजा विषय आहे बेफिट, म्हणजे किमान ७५ कोटी युरो वार्षिक उलाढालीच्या उद्योगसमूहांचा करपात्र नफा सगळीकडे एकाच नियमाने मोजण्याचा युरोपीय आयोगाचा १२ सप्टेंबर २०२३ चा प्रस्ताव. ‘बेफिटबद्दल सरकारचे मत काय?’ असे विचारले की एक जुने वाक्य परत येते: सरकारची मतनिश्चिती अद्याप पूर्ण झालेली नाही. पुढे काही विचारायची सोय उरत नाही. त्याऐवजी तुकडे पाडा:

१. या प्रस्तावावर कर कार्यगटाच्या कोणत्या तारखांना चर्चा झाली?
२. त्या प्रत्येक बैठकीत जर्मन प्रतिनिधींनी कोणत्या कलमांवर आक्षेप किंवा राखीव मत मांडले? कलमवार सांगावे.
३. त्यांपैकी कोणते आक्षेप नंतर मागे घेतले, आणि केव्हा?
४. महसुलावरील परिणामाचा अंदाज काढला आहे का? नसल्यास का नाही, असल्यास वर्षवार किती?

दुसरा प्रश्न मुद्दाम तसा आहे. मंत्रिमंडळाच्या चालू असलेल्या अंतर्गत विचारविनिमयाला घटनात्मक संरक्षण आहे आणि सरकार त्याचीच ढाल पुढे करते. परंतु ब्रुसेल्समध्ये २६ देशांपुढे बोलून झालेली गोष्ट ‘अंतर्गत’ म्हणणे अवघड जाते. म्हणून काय वाटते ते विचारू नका, काय बोललात ते विचारा. इतर देशांच्या भूमिका नावानिशी मागितल्या तर गोपनीयतेचे कारण मिळेल; ‘किती देशांनी’ असे विचारल्यास उत्तराची शक्यता वाढते.

आकडे मागताना दोन खड्डे. जर्मनीत कर वसुलीचा मोठा भाग १६ राज्यांच्या यंत्रणेकडे आहे, त्यामुळे ‘संघ सरकारकडे माहिती नाही’ हे उत्तर कित्येकदा खरे असते. संघाच्या ताब्यात काय आहे ते शोधून तेच मागा. सीमापार करयोजनांच्या सक्तीच्या नोंदी (२०१८ चा निर्देश, ‘डॅक ६’) संघाच्याच केंद्रीय कर कार्यालयाकडे येतात. किती आल्या, किती तपासल्या, किती प्रकरणांतून कायदा बदलण्याची शिफारस झाली, हे विचारता येते. दुसरा खड्डा करगुप्ततेचा. एका कंपनीचे नाव घेतले की दार बंद. उलाढालीचे गट पाडून विचारा, मात्र एखाद्या गटात दोन-तीनच कंपन्या उरतील इतके बारीक नको.

उत्तर आल्यावर

आधी सरकारची प्रस्तावना वाचा. नकारांची कारणे तिथे एकगठ्ठा दिलेली असतात. मग ‘प्रश्न ३ च्या उत्तराचा संदर्भ घ्यावा’ अशा जागा तपासा: संदर्भातल्या उत्तरात खरोखर ती माहिती आहे का? बऱ्याचदा नसते. अशा प्रत्येक जागेवर एकेक लेखी प्रश्न टाका, महिन्याचे चार त्यासाठीच राखून ठेवावेत. काही उत्तरे संसदेच्या गोपनीय दालनात ठेवलेली असतात. ती खासदाराने वाचायची, बाहेर उद्धृत करायची नाहीत. ती गोपनीय का ठेवली, हा प्रश्न मात्र उघड विचारता येतो.

माहिती दडवली असे वाटले आणि पत्रव्यवहाराने काम झाले नाही, तर संसदीय गट कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात जाऊ शकतो. मुदत ६ महिन्यांची, म्हणून नकाराची तारीख पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवा. युरो संकटाच्या वेळी ग्रीन पक्षाच्या गटाने हेच केले. संकटातल्या देशांसाठीचा स्थैर्य निधी आणि आर्थिक धोरणांच्या समन्वयाचा युरो प्लस करार यांबद्दल सरकारने संसदेला माहिती देण्यात कसूर केली, असा निकाल १९ जून २०१२ रोजी लागला. आजही नकाराला आव्हान देणाऱ्या पत्रात त्याचा हवाला पहिल्या परिच्छेदातच द्यावा.