पिकअपच्या केबिनमध्ये नवं कार्पेट घालण्याआधी

नवं कार्पेट टाकायची घाई नको, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सीटा काढून जुनं कार्पेट उचललं, तर खालचा नमदा ओलाच होता. एकाने बाहेरून काचेवर पाइपने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च धरायचा: पुढच्या काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब डॅशबोर्डमागे उतरत होता. रबर बदललं.

नमद्याखाली तळाच्या पत्र्यावर धरलेला गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, इपॉक्सी प्रायमरचे (गंज रोखणाऱ्या अस्तर रंगाचे) २ हात दिले. तो पुरता वाळल्यावर अल्कोहोलने पुसून २ मिलिमीटरची ब्यूटाइल शीट (पत्र्याचा आवाज आणि थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) रोलरने दाबली. घराच्या छपरासाठी वापरतात ती डांबरी पट्टी इथे अजिबात नको, उन्हात तिचा वास केबिनभर सुटतो. तळातली पाणी निचरायची बुचं शीटने झाकू नका. सीटबेल्टचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच आवळा.