टोमॅटोची अढी

लालबागहून माझे रोज सतरा डबे जातात. सार नाहीतर कोशिंबीर, टोमॅटो लागतोच. दादरच्या मंडईतून एकदम पाच किलो आणायचे म्हटलं, तर सगळे लाल घेऊन चालत नाही. तिसऱ्या दिवशी पिशवीला पाणी सुटतं. म्हणून मी पाडाला आलेले घेते आणि घरी अढी घालते, आंब्याची घालतात तशीच.

हिरव्यातला कुठला पिकेल, हे ओळखणं महत्त्वाचं. एक मधोमध कापायचा. बियांभोवती बुळबुळीत गर धरला असेल आणि सुरी लागताच बिया बाजूला सरकल्या, तर तो लॉट पिकतो. सुरीने बियाच कापल्या गेल्या, तर माल कोवळा. तो लाल झाला तरी त्याला चव येत नाही.

मग कागदी पिशवीत एकेरी थर, मध्ये एक चांगलं पिकलेलं केळं, आणि तोंड नुसतं दुमडायचं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. टोमॅटोला त्याचा वास लागला की तो स्वतःच आणखी इथिलीन तयार करू लागतो. एकाचं बघून दुसरा, चाळीतल्या भांडणासारखं! त्याने हिरवा रंग ओसरतो, लायकोपीन या रंगद्रव्याचा लाल चढतो, साल-गर मऊ पडतात. दोन ते चार दिवस पुरतात. एखादा ठेचलेला निघाला तर लगेच काढा. जखमी फळ जास्त वायू सोडतं आणि बाकीच्यांनाही घाई करतं. कोथिंबीर आणि काकडी या पिशवीपासून लांबच बऱ्या, दोन्ही पिवळ्या पडतात.

प्लॅस्टिक नको. फळाला श्वास घ्यायला हवा लागते, आणि आपल्या जुलैच्या दमटपणात आत घाम धरतो. एका पावसाळ्यात माझे दोन किलो देठाशी बुरशी येऊन गेले. मे महिन्यात पिशवी ओट्यावर न ठेवता पलंगाखाली, लादीवर सरकवते, कारण साधारण 30 अंशांच्या वर लाल रंग नीट धरत नाही, फळ नारिंगी-पिवळंच राहतं. फ्रीजचा प्रयोगही करून झालाय. धंद्याच्या पहिल्या वर्षी अख्खे हिरवे टोमॅटो आत कोंबले. 10-12 अंशांखाली त्यांना थंडी बाधते, हे तेव्हा कुठे ठाऊक? बाहेर काढल्यावर डाग पडले, आतून पिठूळ. आता पूर्ण लाल झालेले, तेही दोन-तीन दिवसांपुरतेच आत जातात.

कार्बाइडची पुडी कुणी सुचवली तर ऐकू नका. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, आणि फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे. व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, इथिलीनच सोडतात, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे.

अढी सोमवारी घातली की बुधवारी पहिले सहा-सात तयार असतात. ते साराला. ज्या कोवळ्यांच्या बिया कापल्या गेल्या, त्यांची दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून चटणी, मंगळवारच्या डब्यात.